रोज सकाळी एक रिंग

१

म्हातारीचा मिस्ड कॉल रोजच्या वेळी आला, तेव्हा म्हातारीला मरून एक रात्र उलटली होती.

लेक चहा टाकत होती. कट्ट्यावरचा फोन एकदा वाजला आणि गप्प झाला. “उठली आमची म्हातारी,” ती रोजच्यासारखी म्हणाली आणि फोनकडे न बघताच साखरेचा डबा उघडला. नवरा मघाशीच कामाला गेला होता. चहा गाळून होतो न होतो तोच फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी वाजतच राहिला. धाकटा भाऊ होता.

“ताई, आई गेली गं.”

“सकाळी सकाळी काय बरळतोस? आत्ता मिस्ड कॉल दिलाय तिनं मला.”

“ताई, मी तिच्याजवळ बसलोय. ती गार पडलीय.”

भाऊ आणि त्याची बायको थोडे दिवस तिच्या माहेरी गेले होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं परतले, मागच्या खोलीचं दार ढकललं, तर म्हातारी भिंतीशी आडवी. डॉक्टर म्हणाले, कमरेचं हाड मोडलंय. पडली ती उठलीच नाही. दोनेक दिवस तशीच होती, आणि आदल्या संध्याकाळी केव्हातरी जीव गेला. पाण्याची कळशी तिच्यापासून हातभर लांब होती आणि फरशीवर तिथवर सरकत गेल्याच्या खुणा होत्या. हात पोचला नव्हता.

फोन मात्र मुठीत होता. जुना, बटणांचा, भरपूर चार्ज असलेला. फौजदारानं मूठ सोडवून तो घेतला आणि लावलेले नंबर बघितले. एकच नंबर. तो बटण दाबत राहिला, यादी खाली खाली जात राहिली, नंबर तोच. लेकीचा.

“यातला एकही मला आला नाही,” लेक म्हणाली. “मला रोजचा सकाळचा यायचा, तेवढाच आला. काल आला, परवा आला, आज आला.”

“आज ती मेलेली होती, बाई.”

“मग मला फोन कोण करत होतं?”

फौजदारानं फोनचं झाकण काढलं. म्हातारीची लाइन सवलतीची, सरकारी, आणि तसल्या लाइनचं सिम हिरवं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आतलं सिम पांढरं होतं, नखाएवढं, आणि मोठ्या खाचेत हलू नये म्हणून त्याला कसलीशी पट्टी गुंडाळून जाड केलेलं होतं.

२

लाइन सवलतीची होती म्हणून चौकशीला सवलत कचेरीतली तपासनीस आली. तिला त्या भागात सगळे शेगडीबाई म्हणत. गरीब घराला सरकार फुकट फोनलाइन देतं, पण एका चुलीला एकच. त्यामुळे लोक लाइनसाठी चुली वेगळ्या दाखवतात. एका घरात सासूची शेगडी, सुनेची शेगडी, आणि मधे धाकट्याची, जी दुकानातून आल्यापासून पेटलेली नसते. शेगडीबाई सरळ स्वयंपाकघरात शिरायची आणि बर्नरला बोट लावायची. गार असेल तर लाइन गेली. तिच्या बोटाला लोक डॉक्टरच्या सुईइतकं भ्यायचे.

म्हातारीची शेगडी खरी होती. मुलाच्या घरामागच्या खोलीत राहून ती आपला भात आपण शिजवायची, आणि तिची वेगळी चूल शेगडीबाईनंच मंजूर केली होती. मुलाला रंगकामात बरं मिळायचं, तो सवलतीत बसत नव्हता. म्हातारी बसत होती.

“भावाला आत टाकलाय,” फौजदार म्हणाला. “आईची लाइन लाटली, संशय येऊ नये म्हणून बहिणीला रोज रिंग देत बसला, आणि आईला मरायला सोडून सासरी हुंदडायला गेला. बहिणीनं तसं लिहून दिलंय.”

“म्हातारीचं हिरवं सिम कुठल्या फोनमध्ये चालत होतं, आणि हे पांढरं कुणाचं, ते कंपनी सांगेल की.”

“विचारलंय. दोन्ही सिमं आता बंद आहेत. कंपनीचं उत्तर यायला महिना तरी जातो. तोवर राहू दे आत.”

“आणि त्यानं केलं नसलं तर?”

“तर महिन्यानं सुटेल.” फौजदारानं कानात काडी घातली. “घाई मेलेलीला नाही, तुम्हाला कशाला?”

घाई होती. महिनाभरात गल्लीनं निकाल लावला असता, नव्हे, लावलाच होता. रंगाऱ्याच्या दारावर कुणीतरी शेण मारलं होतं, आणि ज्याला लोकांनी एकदा आईला मारणारा म्हटलं त्याला कंपनीच्या कागदानं कोण सोडवणार?

कोठडीत भाऊ गुडघ्यांत मान घालून बसला होता. नखांत पांढरा रंग वाळलेला.

“आईला एकटीला टाकून गेलात कसे?” तिनं विचारलं.

“एकटीला कुठं, बाई? ताईला रोज रिंग जायची ना. आईला कानानं ठार ऐकू येत नव्हतं, फोनवर बोलणार काय? म्हणून ठरलेलं. सकाळी एक रिंग म्हणजे मी बरी आहे. लागोपाठ दोन रिंगा म्हणजे ये. मी कामावर असलो की मलाही तसंच करायची. दोन रिंगा आल्या की मी ब्रश टाकून घरी. म्हटलं, काही झालंच तर ताई धावेल.”

शेगडीबाईला मुठीतला फोन आठवला. रोजची एकेक रिंग, आणि शेवटचे दोन दिवस सगळे नंबर जोडीजोडीनं लावलेले. ये. ये. ये. बहिऱ्या कानाला समोर घंटा वाजतेय की नाही हे कळायचा प्रश्नच नव्हता. तिनं फोन लावला, तिच्या हिशेबानं तो गेला, आणि ती वाट बघत पडून राहिली.

“आणि महिन्याचा फोन कोण करायचं?”

सवलतीची दुसरी अट ही. महिन्यातून एकदा तरी त्या लाइनवर बोलणं झालं पाहिजे. उचललेला फोन. मिस्ड कॉल धरत नाहीत. महिना कोरडा गेला की यंत्र आपोआप लाइन तोडतं, माणसाला विचारत बसत नाही.

“ताई यायची त्यासाठी,” भाऊ म्हणाला, आणि एवढ्यातही त्याला हसू आलं. “दोघी एकाच खाटेवर बसायच्या. आई फोन लावायची, ताई उचलायची, आणि समोरासमोर बसून फोनवर ‘हॅलो, आई, जेवलीस का’ करायच्या. आईला काय कळतंय, ती नुसती हसायची. पण माझ्या बायकोचं नि ताईचं वाजलं, तेव्हापासून ताईनं पाय टाकला नाही इकडे. कितीतरी महिने झाले.”

“मग महिन्याचा फोन?”

“लाइन चालू होती, म्हणजे ताईनंच काहीतरी सोय केली असणार. असं धरून चाललो मी.”

शेगडीबाई उठता उठता थांबली. बहीण कितीतरी महिने आली नाही. बहिरी म्हातारी नुसत्या रिंगा देत होती. त्या लाइनचा जीव पहिल्याच महिन्यात जायला हवा होता, आणि ती तर ठणठणीत होती. चोर नुसता रिंग देत नव्हता. चोर त्या लाइनवर भरपूर बोलत होता.

३

सून शिलाई मशीनवर बसली होती आणि मशीन चालवत नव्हती.

“या, मोजा शेगड्या,” ती म्हणाली. “सासूला मारल्यावर अजून एक लाइन मिळते का, तेही सांगून जा.”

“सासूचा फोन शेवटचा हातात कुणी घेतला होता?”

“मीच. बॅटरी फुगली होती, कोपऱ्यावरच्या रिपेरवाल्याकडे नेला नि बदलून आणला. त्याला महिने झाले. म्हणजे मी चोर, नाही का? बोला की. नणंदबाई तर गल्लीभर बोलून गेल्या. इकडे यायला पाय दुखत होते, बोंबलायला घसा दुखला नाही.”

“भांडण कशावरून झालं होतं?”

“दुधावरून.” सुनेनं तोंड फिरवलं. “मी म्हातारीच्या दुधात पाणी घालते म्हणाल्या. घालत होते. माझ्या पोरांच्या दुधातही घालते. सगळ्यांच्याच घालते. एवढ्याशा गोष्टीवरून त्यांनी येणं टाकलं. औषधं तेवढी दाजींच्या हाती पाठवायच्या. दाजी बिचारे देवमाणूस. दर महिन्याला यायचे, म्हातारीच्या पायाशी बसायचे, येता-जाता आमचा नळही बघून जायचे, पैसा घेतला नाही कधी.”

“तुम्हाला दोन रिंगांचा अर्थ माहीत होता?”

“घरातल्या मांजरालाही माहीत होता. मी शिवायला बाहेर गेले की मलाही द्यायची. दोन रिंगा म्हणजे ये. एकदा नुसती पाल दिसली म्हणून दिल्या होत्या, त्यालाही वर्ष झालं.” एवढं बोलून ती मशीनवर डोकं टेकून रडायला लागली, आणि शेगडीबाईला तिच्या पाठीवर हात ठेवता आला नाही, कारण ती चौकशीला आली होती.

कोपऱ्यावरच्या रिपेरवाल्याचं दुकान म्हणजे एक खुर्ची आणि तिच्याभोवती मेलेले फोन. फौजदारानं दिलेलं पांढरं सिम शेगडीबाईनं त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं चिमट्यानं उचललं आणि नाक मुरडलं.

“हे माझं काम म्हणून आणलंत? बाई, मी लबाड आहे, नाही म्हणत नाही. जुनी बॅटरी नवी म्हणून विकतो. पण असलं गबाळं काम? छोटं सिम मोठ्या खाचेत बसवायची चौकट माझ्याकडे डबाभर पडलीय. पट्टी कोण गुंडाळत बसेल?”

“कसली पट्टी आहे?”

त्यानं टोक धरून ओढलं. पट्टी पांढरी, पातळ, सुळसुळीत. ओढली तशी ताणली गेली आणि त्याच्या बोटाला चिकटली नाही.

“डिंकच नाही हिला,” तो म्हणाला. “नुसती गुंडाळून घट्ट बसलीय. रंगारी लावतात ती कागदी पट्टी चिकट असते. ही कसली, मला नाही माहीत.”

शेगडीबाईनं पट्टी रुमालात बांधली. रंगारी नाही, रिपेरवाला नाही. सुनेचा हात फोनला लागला होता, पण तिच्या घरात दोरा होता, कापड होतं, बुकरम होतं, असली पट्टी नव्हती. उरली कोण? उरली तक्रार करणारीच. आणि जी आईच्या लाइनसाठी गल्ली डोक्यावर घेते, ती काहीतरी लपवत असली तरच एवढ्या जोरात ओरडते, हा शेगडीबाईचा बऱ्याच स्वयंपाकघरांतला अनुभव होता.

४

लेकीच्या घरी ती गेली ती सरळ कट्ट्याकडे. शेगडी एक, गरम. लाइन एक, लेकीच्या नावावर. नियमात.

“नवऱ्याला लाइन नाही?”

“एका चुलीला एकच ना? मी आजारी माणसं सांभाळायला जाते, मला बोलवायला फोन लागतो. यांच्याकडे जुना फोन आहे, पण लाइनशिवायचा. फुकटचं वायफाय दिसलं की सिनेमे बघतात, बस.” लेकीचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं खणखणीत होतं. “हे नळदुरुस्ती करतात. आधी यांची गिऱ्हाइकं माझ्याच फोनवर यायची. मी पेशंटला भरवतेय आणि इकडे कुणाचा तरी संडास तुंबलाय. माझी मिनिटं पंधरवड्यात संपायची. आता सुटले बाई त्यातून. यांची ओळख झाली, लोक परस्पर यांना गाठतात.”

“काम कमी झालंय का त्यांचं?”

“उलट वाढलंय.”

शेगडीबाईनं चहाचा कप खाली ठेवला नाही, तसाच हातात धरून राहिली.

“आईची रिंग रोज एकाच वेळी यायची?”

“घड्याळ लावून घ्यावं. हे बाहेर पडले की थोड्या वेळानं. गुरुवारी तेवढी उशिरा. म्हातारीला गुरुवारी काय झोप लागायची कोण जाणे.”

“गुरुवारी तुमच्याकडे काय असतं?”

“आमच्याकडे काय असणार? गुरुवारी या भागाचं पाणी बंद. नळवाल्याला सुट्टी. हे उशिरा उठतात, मग दूध आणायला जातात, मग चहा. तेवढ्यात यायची रिंग.” ती स्वतःच्याच बोलण्यातून पुढे गेली, त्यात तिला काही टोचलं नाही. “माझ्या वहिनीला विचारा सगळं. फोन तिनं नेला होता दुकानात.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण कळसा दाखवून भागत नाही, तो काखेतून काढावा लागतो. शेगडीबाईला एक गोष्ट अजून हवी होती.

“लागोपाठ दोन रिंगा कधी आल्या होत्या?”

“नाही,” लेक म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

“नीट आठवा.”

“नाही म्हटलं ना. दोन आल्या असत्या तर मी गेले नसते का? आई आहे माझी.”

“तुमचा भाऊ कोठडीत आहे. दोन रिंगा खरंच आल्या असतील, तर तो कदाचित आजच सुटेल. नसतील आल्या, तर माझ्याकडे त्याला सोडवायला काही नाही.”

लेकीनं ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा ठेवलं. ते कोरडंच होतं.

“एकदा आल्या होत्या,” ती म्हणाली. आवाज आता खणखणीत नव्हता. “आधीच्या महिन्यात. मी चप्पल घातली. मग वाटलं, दारात वहिनी उभी असेल, म्हणेल आलात का दूध तपासायला. म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी एकच आली. म्हणजे बरी आहे. म्हणजे मी गेले नाही तेच बरं झालं, असं म्हटलं मी मनाला.” ती एकदम शेगडीबाईचा हात धरून म्हणाली, “कुणाला सांगू नका. तेव्हाच पडली असेल का हो ती?”

“तेव्हा नाही पडली.”

“मग दोन रिंगा का दिल्या तिनं?”

“तिनं नाही दिल्या,” शेगडीबाई म्हणाली. “तुमच्या नवऱ्याला माहीत होतं का, दोन रिंगांचा अर्थ?”

“यांना कशाला? ते आमचं माहेरचं. एका रिंगेचं माहीत आहे, ती रोजचीच.”

शेगडीबाईनं थंड झालेला चहा एका घोटात संपवला. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

५

गुरुवारी सकाळी फौजदार लेकीच्या जिन्याखाली उभा होता, शेजारी कोठडीतून आणलेला भाऊ आणि त्याची बायको. नळ कोरडे होते आणि इमारतभर रिकाम्या बादल्यांचा खडखडाट चालला होता. शेगडीबाई वर कट्ट्याशी बसली. लेकीनं आधण ठेवलं आणि सवयीनं फोन जवळ ओढला, मग आपण काय केलं हे कळून तो लांब सारला.

नवरा दूध घेऊन आला. सडपातळ, हसरा, तोंडात साखर असलेला माणूस. बाईंना बघून त्यानं हात जोडले.

“लागला का छडा? आमचे मेव्हणे तसे वाईट नाहीत हो. पण हाव वाईट.”

“एक गोष्ट जुळत नाहीये,” शेगडीबाई म्हणाली. “आधीच्या महिन्यात एका सकाळी एकाऐवजी दोन रिंगा आल्या. लागोपाठ. का आल्या असतील?”

“त्यात काय जुळायचंय?” तो पिशवी कापता कापता म्हणाला. “रेंज नसते कधीकधी. पहिली गेली नाही असं वाटतं, म्हणून माणूस परत दाबतो. दोन्ही जातात.”

“असं वाटतं?”

“म्हणजे, वाटलं असेल. ज्यानं केली त्याला.”

लेकीच्या हातातला चमचा हलायचा थांबला होता.

शेगडीबाईनं जिन्याकडे तोंड करून विचारलं, “दोन रिंगा म्हणजे काय हो?”

“ये,” खालून भाऊ आणि त्याची बायको एकदमच म्हणाले.

“तुमच्या मेव्हण्याच्या घरात हे मांजरालाही माहीत आहे,” ती नवऱ्याकडे वळली. “त्या घरातल्या चोरानं चुकून दोन रिंगा दिल्या नसत्या, दिल्या असत्या तर ताई दारात हजर झाली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. रेंज गेली म्हणून बिनदिक्कत दोनदा दाबणारा चोर अर्थ न जाणणारा होता. पण रोजच्या एका रिंगेचं त्याला माहीत होतं, वेळेसकट. आणि त्या वेळेला एक खोड होती. म्हातारीला वाराशी देणंघेणं नव्हतं, तिच्या फोनमध्ये सगळ्या वारांचा नंबर एकाच वेळेला लावलेला आहे. इथं पोचणारी रिंग मात्र गुरुवारी उशिरा यायची. तुम्ही दूध आणायला घराबाहेर पडेपर्यंत ती येऊच शकत नव्हती.”

“अहो, साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही. माझ्याकडे लाइनच नाही!”

“तेच म्हणते मी. लाइन नाही, बायकोच्या फोनवर गिऱ्हाईक येत नाही, आणि काम वाढलंय. तुमच्याशी बोलत कशावर होते लोक?” तिनं रुमाल सोडला. “त्या बोलण्यानंच लाइन जिवंत राहिली. नाहीतर पहिल्याच महिन्यात यंत्रानं तोडली असती, घरच्यांना कळलं असतं, आणि म्हातारीला दुसरं सिम मिळालं असतं. ही पट्टी ओळखता?”

लेक पुढे झाली. रुमालातली पांढरी सुळसुळीत पट्टी तिनं बघितली, मग कोनाड्यात नवऱ्याच्या हत्यारांची पिशवी होती तिकडे बघितलं. पिशवीच्या तोंडाशी पान्याला तीच पट्टी लोंबत होती. पाणी गळू नये म्हणून नळवाले नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती.

“अहो,” ती म्हणाली. “तुम्ही औषधं द्यायला जात होता ना?”

“औषधं दिली की! एक महिना चुकवलं नाही.” तो बायकोकडे वळला, आणि खरंच दुखावल्यासारखा दिसला. “विचार कर ना जरा. बहिरी बाई. रोज एक रिंग द्यायची आणि बाकी सगळी मिनिटं वाया. फुकट! इथं मी दारोदार हिंडतोय. माझं बंद पडलेलं सिम तिच्यात घातलं, तिचं कापून माझ्यात. तिला फरक तरी कळला का? आणि तुला काळजी वाटायला नको म्हणून रोज नेमानं रिंग देत होतो. रोज! भर कामात असलो तरी. तुझ्या भावानं केलं असतं एवढं?”

“ती पडली होती,” लेक म्हणाली.

“ते मला काय माहीत?”

“ती तिथं पडून दोन-दोन रिंगा देत होती. आणि तुम्ही मला सांगत होता, ती बरी आहे.”

“मी कुठं सांगत होतो? मी नुसता मिस्ड कॉल देत होतो.”

दूध उतू गेलं. कुणी गॅस बंद केला नाही.

फौजदारानं त्याला जिन्यावरून नेलं तेव्हा लेक भावासमोर आली. तिनं त्याच्या नखांतला पांढरा रंग बघितला आणि बोलायला तोंड उघडलं. पण भाऊ तिच्या तोंडाकडे बघत नव्हता, तिच्या हातातल्या फोनकडे बघत होता.

“दोन रिंगा आल्या होत्या तुला,” तो म्हणाला. “आईच्या नंबरवरून. तू गेली नाहीस. गेली असतीस तर त्याच दिवशी कळलं असतं, ताई, की आईनं दिल्याच नाहीत. चोर त्याच दिवशी सापडला असता. आई नवीन सिम घेऊन बसली असती आज.”

“अरे, पण मी...”

“आणि ते लपवून मला आत घातलंस.”

शेगडीबाईला मधे पडून काही सांगावंसं वाटलं. पण त्यानं म्हटलं त्यात चूक काहीच नव्हतं, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

६

पुढच्या महिन्यात कचेरीत तुटायच्या लाइनींची यादी आली, त्यात लेकीची होती. महिनाभर एकही उचललेला फोन नाही. शेगडीबाई एरवी अशा घरी जात नाही. यंत्र तोडतं, तिचं काय जातं? या वेळी गेली.

कट्टा गार होता. तिनं बोट लावलं आणि काढून घेतलं.

“नवरा आत गेला आणि मी नळवाल्याची बायको राहिले नाही, आईला मारणाऱ्याची बायको झाले,” लेक म्हणाली. “आजारी माणसाला हात लावायला मला कोण बोलावणार? मी लावलेले फोन कुणी उचलत नाही.”

“आज शेवटचा दिवस आहे. कुणालाही लावा. माझ्यासमोर लावा, त्यानं उचलला की झालं. हवं तर मलाच लावा.”

“तुम्ही समोर बसलाय, तुमच्याशी फोनवर काय बोलू?” असं म्हणाली आणि तिचा चेहरा असा झाला की शेगडीबाईनं खिडकीकडे बघितलं. एकाच खाटेवर बसून असं बोलणाऱ्या दोघी तिलाही आठवल्या होत्या.

मग लेकीनं एक नंबर दाबला. पलीकडे एकदा घंटा वाजली, आणि तिनं स्वतःच तोडला. लगेच पुन्हा लावला. एकदा वाजू दिली. तोडला.

“हे धरत नाहीत,” शेगडीबाई हळू म्हणाली. “उचललेला लागतो.”

“माहीत आहे मला. माझ्या भावालाही माहीत आहे, दोन म्हणजे काय ते.”

तिनं उठून शेगडी पेटवली आणि तीन कप पाणी आधणाला ठेवलं. जिन्यावर पावलं वाजली की ती चमचा हातात धरून थांबायची. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. चहा उकळून उकळून काळा पडला. शेगडीबाईनं आपला कप घेतला, लेकीनं आपला घेतला, आणि तिसरा भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला.

भाऊ आला नाही. संध्याकाळी यंत्रानं लाइन तोडली.